शेवाळातल्या माशाचा गुंता

पाण्यात मासा असेल तर तो मला दिसणार, आणि दिसला की माझ्या गळाला लागणार, हे उमरेडच्या तळ्यावरच्या बगळ्यांनाही ठाऊक होतं. माझा बाप विणकर. मागावर बसून पाठ धरली की तो गळ घेऊन तळ्यावर जायचा आणि मला सोबत न्यायचा. सात वर्षांची असताना मी चुलीत तापवून वाकवलेल्या सुईनं हातभर मरळ ओढली होती. बाप म्हणाला, "रुख्मा, तुह्या नजरेतून काही सुटत नाही." ते वाक्य मी जपून ठेवलं आहे आणि गरज पडेल तेव्हा लोकांना ऐकवते. गरज तशी रोजच पडते.

एवढं असून माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीच्या शेजारी, काचेच्या पेटीत ठेवलेला वीतभर मासा मला दिसला नाही. सगळं तिथून सुरू झालं.

आम्ही आता शहरात, बेसा रोडला चौथ्या मजल्यावर राहतो. माग विकून तीस वर्षं झाली. जुन्या घरातून या फ्लॅटमध्ये दोनच जुन्या वस्तू आल्या. एक माझा सूत भरायचा रहाट, आणि दुसरे माझे मालक, जागेश्वर. रहाट थोडा जास्त आवाज करतो. मालक दिवसाला चार शब्द बोलतात, तेही मोजून. मुलगा भूपेश सरकारी कचेरीत आहे, त्यामुळे बोलायची कसर तो भरून काढतो.

भूपेशची मुलगी प्रियदर्शनी, आमची प्रियू, कॉलेजात प्राण्यांचं शास्त्र शिकते. हिवाळ्यात कॉलेजची सहल कोकणात गेली आणि प्रियू येताना मासा घेऊन आली. कॉलेजच्या खोलीचं छत गळत होतं, म्हणून चारुशीला मॅडमच्या परवानगीनं पेटी आमच्या हॉलमध्ये आली. खारं पाणी, वाळू, बुडबुडे सोडणारं यंत्र, आणि तपकिरी पट्ट्यापट्ट्यांचं समुद्राचं शेवाळ. पाण्यात कुणी पडवळाच्या साली सोडल्या असाव्या, तसं ते हलत होतं.

"यात काय आहे वं?" मी विचारलं.

"मासा, आजी."

"कुठी?"

"शोध ना. तुह्या नजरेतून काही सुटत नाही ना?"

मी चष्मा लावला. काढला, पुसला, पुन्हा लावला. पेटीच्या चारही बाजूंनी फिरले. बाराशे धाग्यांच्या ताण्यात तुटलेला एक धागा मी दारातून दाखवलेला आहे. पण इथं शेवाळ आणि शेवाळच.

"पोरी, तुले कोनंतरी फसवलं," मी म्हटलं. "नुसता पाला देऊन पाठवलं तुले."

तेवढ्यात आमचे मालक संडासातून आले, जाता जाता काचेवर बोट टेकवून म्हणाले, "तो पाय." आणि पेपर वाचायला गेले.

त्यांच्या बोटासमोरच्या पट्टीनं डोळा फिरवला.

दोन दिवस मी त्या माशाशी बोलले नाही, आणि यांच्याशीही. पण प्रियू माशाबद्दल सांगायला लागली की कान तिकडेच जायचे. ती म्हणाली, "आजी, हा समुद्राकाठच्या शेवाळातच राहते. शेवाळ जसं, तसा याचा रंग. लाटेनं शेवाळ हाललं की हाही तसाच हालते. झिंग्याले वाटते शेवाळच आहे, तो जवळ येते, की हा त्याले गट्ट करते."

"म्हणजे लबाड आहे."

"हुशार आहे. अन् पुढचं तर आयक. मादी शेवाळात अंडी घालते अन् चालली जाते. मंग नर तिथून हटत नाही. पोरं निघेपर्यंत पहारा देते, पंखानं पाणी हालवत राहते. तो हटला तर अंडी सडून जातात. हा नर आहे. अन् शेवाळासंगंच आणलेली अंडी आत आहेत."

मी सोफ्याकडे पाहिलं. "ऐकलं का? बाप कसा असते ते."

मालकांनी पान उलटलं.

अंडी मात्र मला दिसली नाहीत. माशाची अंडी म्हणजे गाबोळी, पोटातली पिवळी जाड पट्टी, तव्यावर परतली की चिमणीच्या घासाएवढी वाट्याला येते, ती. तसलं काही पेटीत नव्हतं. पण एकदा मासा न दिसल्यानं नाक कापलं गेलेलं. पुन्हा कशाला विचारा?

हा मासा पकडायचा कसा, तेही प्रियूनं सांगितलं. तिथे खडकावर बसून गळ टाकणारी कोणी कौसल्या नावाची म्हातारी होती, तिनं तो पकडून दिला होता. काठी आखूड, गळ बारीक, त्याला झिंग्याचा तुकडा. गळ शेवाळाच्या कडेकडेनं सोडायचा, आत नाही. मासा लागला की दोरी ढिली सोडायची नाही. एकदा का तो शेवाळात शिरला, की दोरी पाल्याला गुंडाळून बसतो आणि तुमच्या हाती तुटका दोरा राहतो.

"कौसल्याआजी म्हणते, या माशाले हातानं नाही, धीरानं पकडा लागते. कौसल्याआजी म्हणते—"

"तुह्या कौसल्याआजीनं मरळ पकडली का कधी?"

"तिथं समुद्र आहे, आजी."

"मंग काय झालं? विचार तिले."

आता खरी गोष्ट सांगते. या माशावर प्रियूचं सगळं टांगलेलं होतं. सोमवारी अकरा वाजता चारुशीला मॅडम येऊन अंडी आणि प्रियूच्या वहीतल्या नोंदी पाहणार होत्या. काम पसंत पडलं तर समुद्रकाठच्या संस्थेत दोन वर्षांसाठी तिचं नाव जाणार. नाही पडलं तर भूपेशनं दुसरी सोय करून ठेवली होती. उमरेडच्या जयवंताबाईनं आपल्या नातवासाठी प्रियूला मागणी घातली होती. ही जयवंता आमच्या जुन्या मोहल्ल्यातली, माझ्याच वयाची.

भूपेश म्हणाला, "मासा जमला तर समुद्र. नाही तर उमरेड. मी काही अडवून राहिलो नाही कोणाले."

मी म्हटलं, "करा काय करायचं ते." पण मला पोरगी समुद्रावर जायला हवी होती. मला चौथीतून काढलं तेव्हा गुरुजी घरी आले होते. बाप म्हणाला, पोरीचे हात लय चांगले चालतात, सूत भरायला माणूस पाहिजे. हात चांगले म्हणून डोकं घरी बसलं. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही, हात कामात होते.

मॅडम येणार त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही दोघं म्हातारे सोडून घरचे सगळे चंद्रपूरला लग्नाला निघाले. प्रियूच्या सख्ख्या मामेबहिणीचं लग्न, तिला जावंच लागणार होतं. दारात चपला घालता घालता ती म्हणाली, "आजी, फक्त पाहायचं. हात आत घालायचा नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान असती तर सांगतलं नसतं."

दुपारी भांडी आवरून मी पेटीसमोर स्टूल घेऊन बसले. पहारा म्हणजे पहारा. मासा आज पुन्हा दिसत नव्हता, पण मी त्याच्या नादी लागले नाही. माझी नजर दुसरीकडेच अडकली. शेवाळाच्या कोपऱ्यात, दोन पट्ट्यांच्या बेचक्यात, पांढऱ्या बारीक धाग्यांचा गुंता होता. रेशमासारखा. मुठीत मावेल एवढा, आणि त्यात सुताला लावायच्या खळीचे थेंब वाळावे तसे मणी मणी चिकटलेले.

रहाट पेटीच्या शेजारीच असतो. माझं पांढरं आणि लाल रेशीम त्यावर असतं. मी मनात म्हटलं, यंत्राच्या हवेनं सूत उडालं आणि पाण्यात पडलं. आता सोमवारी मॅडम येणार आणि म्हणणार, विणकराच्या घरात सुताचा असा गुंता?

तुम्ही विणकराच्या घरात वाढला नसाल तर तुम्हाला कळायचं नाही. गुंता दिसला की आमचे हात शिवशिवतात. जुन्या मोहल्ल्यात कोणाच्या घरी सुताचा गुंता झाला की ते लोक तो ताटात घालून माझ्याकडे आणायचे, जसं लेकरू मांत्रिकाकडे आणतात तसं. मी कात्री कधी लावली नाही. जयवंता तर दर आठवड्याला यायची ताट घेऊन. आणि गुंता करण्यात पहिला नंबर होता आमच्या मालकांचा. साधी लड उचलून इकडची तिकडे ठेवली तरी तिचं घरटं व्हायचं. लोक त्यांना गुंतेश्वर म्हणत. पन्नास वर्षं मी त्यांना यावरून बोलले आहे. सवय झाली आहे, आता थांबवता येत नाही.

हात आत घालायचा नाही असं पोरीनं सांगितलं होतं. मी हात घातला नाही. मी झारा घातला.

आधी दुधाच्या पातेल्याएवढ्या गंजात पेटीतलंच पाणी घेतलं. ज्या पाण्यात सूत भिजलं त्याच पाण्यात ते सोडवायचं, नाहीतर धागा आकसतो. हा नियम मला आईनं शिकवला होता. मग झाऱ्यानं गुंता अलगद उचलला, गंजात सोडला आणि टीव्हीवर तीनची मालिका लावून कामाला लागले.

काय सूत होतं ते! आखूड, आणि केसापेक्षा बारीक. एकेक धागा दुसऱ्याच्या गळ्यात गळा घालून बसलेला. पण माझ्या हातांपुढे कोणाचं चाललं आहे? मालिका संपायच्या आत मी सगळे धागे ओळीनं लावले, कंगव्यानं विंचरल्यासारखे. राहिले ते मणी. खळ वाळली की नखानं खुडून काढायची, हेही आईनंच शिकवलेलं. मी पहिल्या मण्याला नख लावलं.

"राहू दे," मागून आवाज आला.

मालक उभे होते.

"काहून?"

"पाहून राहिला."

"कोन?"

"मणी."

मी चष्मा नाकावर ढकलला आणि गंजावर वाकले. मण्याला डोळे होते. दोन काळे ठिपके. शेजारच्यालाही दोन. ओळीनं लावलेले सगळेच्या सगळे माझ्याकडे पाहत होते, जशी शाळेतली लेकरं प्रार्थनेला उभी राहतात. एकाची तर शेपटी हलली.

मी हातातलं नख, म्हणजे बोट, हळूच मागे घेतलं.

"ही अंडी आहेत," मी म्हटलं.

मालकांनी मान हलवली. त्यांचा त्या दिवसाचा कोटा संपला होता.

घाबरून बसायला वेळ नव्हता. ओळ तशीच झाऱ्यात घेतली आणि शेवाळाच्या बेचक्यात सोडली. ती सरळ घसरून वाळूवर पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तो गुंताच त्यांना धरून होता. पाल्याला, आणि एकमेकांना. मी त्यांची घट्ट गळामिठी सोडवून त्यांना रांगेत उभं केलं होतं.

म्हणजे आता गुंता करायचा. एवढंच ना, मी म्हटलं, सोडवणारीला करायला काय लागतं?

पहिल्यांदा केला तर वेणी झाली. तीन पदरी, सुबक. सोडली. दुसऱ्यांदा डोळे मिटून केला तर गाठ झाली, तीही आमच्या मोहल्ल्यातली पक्की विणकरी गाठ. तिसऱ्यांदा तर गजराच झाला. उचलून केसात माळावा असा. हात ऐकेचनात. साठ वर्षं त्यांना सरळ राहायला शिकवलं, आता म्हातारपणी वाकडं कसं वागणार?

मालक सोफ्यावर बसून माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं पाहिलं.

"अवो."

"हं."

"तुमी करता का?"

"काय?"

"ते... तुमी करता ते."

"मी काय करतो?"

पन्नास वर्षांचं उट्टं माणूस एका प्रश्नात काढू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी पंख्याकडे पाहून म्हटलं, "गुंता."

ते उठले. हात धुतले, गंजात दोन बोटं फिरवली. बोटांकडे पाहिलंसुद्धा नाही, टीव्हीकडे पाहत होते. एकदा मनगट हललं, एकदा मान खाजवली, आणि गुंता तयार. जसा होता तसा, थोडा जास्तच. मग रहाटावरचं लाल रेशीम वीतभर तोडून त्यांनी तो शेवाळाला दोन वेढे देऊन बांधला. तेवढ्यात खाली दूधवाल्याची घंटा वाजली. म्हणजे चार.

गुंता बसला. पण ज्यानं पहारा द्यायचा तो कुठं होता? मासा काही केल्या दिसेना. मी झारा फिरवला तेव्हा त्याला लागला असेल का? भिऊन वाळूत शिरला असेल का? बाप आला नाही तर अंडी सडतील, असं पोरगी म्हणाली होती. आणि सोमवारी अकरा वाजता मॅडम.

माझ्या बापानं मला एकच परीक्षा शिकवली होती. पाण्यात मासा आहे की नाही, ते गळाला विचार. मी खराट्याची काडी घेतली, तिला दोरा बांधला. आकडा लावला नाही, नुसता सुकट झिंगा बांधला. त्याआधी झिंगा तव्यावर कोरडा भाजून घेतला. भाजलेल्या वासाला मासा लांबून येतो, ही माझी स्वतःची युक्ती आहे. कौसल्येला ती माहीत असेल असं वाटत नाही.

वास मात्र माशाच्या आधी शेजारच्या नीलाला पोचला. नीला धरमपेठेतून इथं आलेली, बँकेत नोकरी. दार उघडंच होतं. तिनं पाहिलं ते असं. मी स्टुलावर, हातात काडी, दोरा पेटीत. मालक शेजारी खुर्चीवर, हातात भाजलेल्या सुकटीची ताटली. दोघंही श्वास रोखून.

"काकू, हे काय चाललंय?"

"दिसून नाही राहिलं का? मासा पकडून राहिली."

"प्रियूचा मासा?"

"हळू बोल. तो येऊन राहिला."

"आणि हा वास..."

मी ओठांवर बोट ठेवलं. त्याच क्षणी लाल धाग्याजवळची एक पट्टी वळली, पुढं आली आणि झिंगा तोंडात धरून ओढायला लागली. होता! हातावर तो ओढा आला आणि मी सात वर्षांची झाले. दोरा ताणला. ढिला सोडायचा नाही, शेवाळात शिरू द्यायचा नाही. मग आठवलं की आज तो शेवाळात शिरावा म्हणूनच मी बसले आहे. जन्मात पहिल्यांदा मी लागलेल्या माशाला दोरा सोडला. तो झिंग्यासकट, दोऱ्यासकट आत गेला, दोन पट्ट्यांना वेढा घातला आणि गुंत्यापाशी जाऊन बसला. पंख हलायला लागले. भिंतीवर पावणेपाच झाले होते.

मागे पाहिलं तर नीला गेली होती.

तिनं भूपेशला फोन केला. ती म्हणाली, काकू पेटीत गळ टाकून बसल्या आहेत आणि घरभर मासळी भाजल्याचा वास सुटला आहे. यातला एक शब्द खोटा नव्हता. खोटा असता तर मी तिला धारेवर धरलं असतं.

थोड्या वेळानं माझा फोन वाजला. मागे लग्नाचा बँड.

"माय," भूपेश ओरडला, "मासा खाल्ला का?"

मी या पोराला नऊ महिने पोटात वागवलं, याच्या शिक्षणासाठी माग विकला, आणि यानं मला असा प्रश्न विचारावा? मी फोन ठेवून दिला. पुन्हा वाजला, तो मी उशीखाली ठेवला. माझा मान मी आजवर असाच राखला आहे, आणि त्याचं नुकसान आजवर असंच दुसऱ्यांनी भरलं आहे.

भूपेशनं माझ्या गप्प बसण्याचा हो असा अर्थ घेतला. मासा गेला, समुद्र गेला, म्हणून त्यानं मांडवातूनच जयवंताला फोन लावला, सोमवारी सकाळच्या गाडीनं या.

रविवारी संध्याकाळी मंडळी परत आली. प्रियूचे डोळे सुजले होते. चप्पल न काढता ती पेटीकडे धावली, गुडघ्यावर बसली, बराच वेळ पाहत राहिली. मग रडतच हसायला लागली.

"आहे. आजी, आहे तो. बसला आहे अंड्याईपाशी."

"मंग कुठी जाणार होता?" मी म्हटलं.

भूपेश कपाळाला हात लावून म्हणाला, "पण मी तर जयवंताबाईले उद्या अकरा वाजता बोलावलं. आता नाही कसं म्हणू?"

प्रियूनं लाल धागा पाहिला नाही. मासा त्याच्या आड बसला होता. मी सांगायला तोंड उघडलं आणि पाणी प्यायले. झोपेपर्यंत मी यांच्यापेक्षा कमी बोलले. सून दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहून गेली.

सोमवारी आधी जयवंता आली. नऊवारीचा काठ ठाकठीक, नजर सगळीकडे. सोफ्यावर बसली, पोह्यांची ताटली घेतली आणि म्हणाली, "रुख्मे, आयकलं की तू समुद्राचा मासा खाल्ला. चवीले कसा लागते?"

"पेटीत आहे तो. विचारून घे."

तेवढ्यात चारुशीला मॅडम आल्या. शांत बाई. चहासुद्धा नको म्हणाल्या. भिंग काढलं, पेटीजवळ बसल्या. प्रियू वही घेऊन शेजारी उभी. मासा थोडा सरकला आणि मॅडमचं भिंग तिथंच थांबलं.

"प्रियदर्शनी, हा लाल धागा कसला?"

प्रियू वाकली. तिचा चेहरा उतरला. "मले... मला माहीत नाही, मॅडम."

"घरटं कुणीतरी हलवलंय. हे पूर्वीसारखं नाही." त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. "काय केलं, कधी केलं, अंडी किती वेळ बाहेर होती, काहीच माहीत नसेल तर या नोंदींचा उपयोग नाही. तुझं काम चांगलं होतं. पण हे मी पुढे पाठवू शकत नाही."

प्रियूनं वही मिटली. भूपेश फरशीकडे पाहायला लागला. जयवंताचा चमचा हवेत थांबला होता. आमचे मालक माझ्याकडे पाहत होते. ते मेले असते तरी बोलले नसते, एवढं मला माहीत आहे.

मॅडम सोडल्या तर हॉलमध्ये पाच माणसं होती. त्यातल्या चौघांसमोर मी कधी चूक कबूल केली नव्हती. आणि पाचवी जयवंता होती, जिच्यासमोर तर मी चुकूच शकत नव्हते.

"मी केलं," मी म्हटलं.

"आजी?"

"मले वाटलं, माह्या रहाटाचं रेशीम आहे. गुंता होता, म्हणून सोडवला. तीनची मालिका लागली तेव्हा बाहेर काढला. चारला दूधवाला आला तेव्हा परत आत ठेवला. पाणी पेटीतलंच होतं, नळाचा थेंब नाही लावला. एकालेच नख लागलं, ते या कडेचं. फुटलं नाही. पावणेपाचले मासा परत येऊन बसला, तो मी गळानं पाहून घेतला. आकडा नव्हता."

मॅडमनी भिंग खाली ठेवून पेन काढलं होतं. "सावकाश सांगा. तीन ते चार बाहेर. आणि पावणेपाचला नर परत?"

"हाव. तेव्हापासून हटला नाही. ह्यायनं अन् मी आळीपाळीनं पाहिलं."

"तुम्ही कशाला पाहत बसलात?"

"मी बिघडवलं होतं ना."

जयवंतानं ताटली खाली ठेवली. "थांब. म्हणजे तू गुंता सोडवला, अन् मंग तुले तो करता नाही आला?"

"नाही आला."

"तुले?"

"तीनदा केला. गजरा झाला."

"मंग हा कोनं केला?"

मी बोट केलं. जयवंतानं सोफ्याच्या टोकाला बसलेल्या गुंतेश्वरांकडे पाहिलं आणि हसायला लागली ती थांबेचना. सुनेनं पाणी आणलं, पाठीवर थापा मारल्या.

मालक घसा खाकरून म्हणाले, "पन्नास वर्षं सराव केला होता."

मॅडमही हसल्या, पण लिहायचं थांबवलं नाही. मग प्रियूला म्हणाल्या, घरटं विस्कटलं तर नर परत येतो का, हे त्यांना कधीपासून पाहायचं होतं, पण मुद्दाम विस्कटायला हात धजत नव्हता. "तुझ्या आजींचा धजला. वेळासकट नोंद आहे. आजच लिहून काढ, मी तुझं नाव पाठवते."

प्रियू माझ्या गळ्यात पडली. मी म्हटलं, "सरक, चष्मा पडते."

उरली जयवंता. भूपेश तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "मावशी, आता कसं करायचं?"

"कायचं काय करायचं? मागणी मीच घातली, पण आमचा नातू ऋषी लग्नाले तयारच नाही अजून."

"मंग तुमी आल्या काहून?"

"मासा खाल्ला म्हणून आयकलं. म्हटलं, रुख्मी खरंच चुकली का, ते डोळ्यानं पाहून यावं. तिकिटाचे पैसे वसूल झाले." जाताना दारात थांबून ती हळूच म्हणाली, "पाठव वं पोरीले. आपल्याले कोनं पाठवलं होतं?"

गुरुवारी अंडी फुटली. पोरं डोळ्यांच्या दोन ठिपक्यांएवढी होती, बाकी काच. जूनमध्ये प्रियू समुद्रावर गेली, मासाही तिच्यासोबत आपल्या शेवाळात गेला. ती फोन करते आणि पाच मिनिटं कौसल्याआजी काय म्हणते ते सांगते. मी ऐकून घेते. भाजलेल्या झिंग्याची युक्ती मी त्या बाईला कळवायची नाही असं तिला बजावलं आहे.

गेल्या महिन्यात प्रियूचा लेख कॉलेजच्या अंकात छापून आला, मराठीत. मी अक्षराखाली बोट धरून दोन दुपारी वाचला. सगळा कळला. शेवटी 'अंड्यांना असलेले धोके' असं लिहून खाली नावं दिली आहेत. पहिला धोका मोठ्या लाटा. दुसरा दुसरे मासे. तिसरा खेकडा. चौथा मी, नाव आणि आडनावासकट. त्याच्याखाली, घरटं पुन्हा बांधल्याबद्दल श्री. जागेश्वर पराते यांचे आभार.

चौथी सुटल्यापासून माझं नाव पहिल्यांदाच कुठं छापून आलं, तेही खेकड्याच्या खाली. तरी मी ते पान लॅमिनेट करून पेटी होती त्या जागी भिंतीला लावलं. त्याचा आता पश्चात्ताप होतो. कारण आमचे मालक सकाळी उठतात, त्या पानासमोर उभे राहतात आणि दिवसाचे चारही शब्द तिथंच खर्च करून टाकतात.

"धोका चौथा. रुख्माबाई पराते."